बापूंचा होकार

बापूंना माईक कधी लागला नाही. कुणी समोर आणून ठेवलाच तर ते तो बाजूला सरकवायचे आणि म्हणायचे, "ह्यो घ्या तिकडं. ह्येच्यात माझा आवाज बारीक हुतोय." कोल्हापुरात राजारामपुरीतलं त्यांचं संपर्क कार्यालय एका क्लासच्या डोक्यावर होतं. बापू वरती फोनवर बोलायला लागले की खालचे सर फळा सोडून जिन्यात येऊन उभे राहायचे. मग बापू त्यांनाच वर बोलावून चहा पाजायचे आणि पोरांचा अभ्यास कसा चाललाय ते विचारायचे, त्याच आवाजात.

हा आवाज तयार झाला साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत. आमच्याकडच्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. चेअरमन विषय वाचायला लागतात, आणि विरोधक खुर्चीतून उठायच्या आत पुढच्या रांगेतून "मंजूर!" अशी आरोळी उठावी लागते. मागून "नामंजूर" ओरडणारेही असतात, पण ज्याची आरोळी आधी आणि मोठी त्याचा ठराव पास. बापू पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातले. मिसरूडही नीट फुटलं नव्हतं तेव्हापासून सत्ताधाऱ्यांनी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. चेअरमननी 'विषय' एवढा शब्द उच्चारला की ह्यांचं "मंजूर!" मंडपाच्या पत्र्याला जाऊन आपटायचं. चहा निवायच्या आत सभा संपायची. तिथून सोसायटी, बाजार समिती, जिल्हा परिषद करत ते आमदार झाले, आणि ती पुढची रांग त्यांच्यासोबतच वर गेली. पक्षाच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. साहेबांच्या कुठल्याही प्रस्तावाला पहिला होकार बापूंचा, हे ठरूनच गेलं होतं. "सभंत काय ठरत नसतंय पोरी," ते मला सांगायचे. "ठरल्यालं असतंय. आपुन फकस्त तोंडातनं भाईर काढायचं."

मी कसबा बावड्याहून बसने त्यांच्या कार्यालयात यायचे. आधी अर्ज लिहायला लागले, पुढे सगळंच माझ्या गळ्यात पडलं आणि मी त्यांची पी.ए. झाले. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाला 'नाही' हा शब्द येतच नाही. एकदा एकाच गावचे दोघे भाऊ एकाच दिवशी आले. एकाला बांधावरून रस्ता हवा होता, दुसऱ्याला तो रस्ता होऊ द्यायचा नव्हता. बापूंनी दोघांना हो म्हणून सांगितलं. मी भडकले. "बापू, दोघांनाही हो?"

"मग काय करू? दोघंबी लांबनं आल्यात."

"उद्या दोघं मिळून कार्यालय फोडतील."

"फोडू देत. अगं, न्हाय म्हणायला काय लागतंय? पर न्हाय ऐकून मानूस जिना उतराय लागला न्हवं, की त्येची पाठ बघवत न्हाय मला."

मग ते पाठ बघायचं काम माझ्याकडे आलं. बापू वर हो म्हणत, मी जिन्यात गाठून नाही म्हणत असे. लोक मला 'न्हायवाली' म्हणायला लागले. मला त्याचं काही वाटलं नाही. असा माणूस कुठे मिळतो, आणि मिळाला तर त्याला सांभाळायला कुणीतरी खमकं लागतंच.

अधिवेशनाला मुंबईला गेलो की आमदार निवासात बापूंच्या शेजारची खोली मास्तरांची असायची. मास्तर मराठवाड्याकडचे, पूर्वी शाळेत शिकवायचे, आणि आमच्या पक्षाचे विधानसभेतले गटनेते होते, म्हणजे पक्षाच्या सगळ्या आमदारांचे तिथले पुढारी. कमी बोलायचे, नीट बोलायचे. बापूंची भाषणं तेच लिहून द्यायचे आणि बापू ती सभागृहात गाजवायचे. "मास्तरांचं डोस्कं आणि माझं नरडं," बापू अभिमानाने सांगायचे. रोज सकाळी बापू थर्मास घेऊन शेजारचं दार वाजवायचे आणि दोघं खिडकीशी बसून चहा प्यायचे. एका अधिवेशनात मास्तरांना ताप चढला, तेव्हा बापू सभागृह सोडून त्यांच्या उशाशी बसले. तांदळाची पेज स्वतः करून चमच्याने भरवली. मास्तर एरवी हसत नसत, पण बापूंच्या खोलीत मी त्यांना पोट धरून हसताना पाहिलंय. म्हणूनच पुढचं सगळं मला आजही पचत नाही.

आमचा पक्ष तेव्हा सरकारात भागीदार होता. मास्तरांनी सभागृहात आपल्याच सरकारचे वाभाडे काढले, एकदा नाही, दोनदा. साहेब संतापले. मास्तरांना काढायचं आणि त्यांच्या जागी निवडणुकीच्या तोंडावर दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका धनाढ्य गृहस्थांना गटनेता करायचं, असं त्यांनी ठरवलं. आमदारांची बैठक बोलावली. निम्मे आमदार आतून धुमसत होते, पण जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ते सगळे बापूंच्या खोलीत जमले. कॉटवर, खिडकीत, जमिनीवर, जागा मिळेल तिथे आमदार बसलेले. बऱ्याच भांडाभांडीनंतर ठरलं ते असं: साहेब प्रस्ताव मांडतील तेव्हा पहिल्यांदा बापूंनी उठून नामंजूर म्हणायचं. ज्या माणसाने जन्मात साहेबांना नाही म्हटलं नाही त्यानेच नाही म्हटलं, तर बाकीच्यांना बळ येईल, आणि साहेबांनाही थांबावं लागेल.

मास्तरांनी बापूंचा हात हातात घेतला. "बापू, माझं सगळं तुमच्या एका शब्दावर आहे."

"मास्तर, ह्ये नरडं तुमचंच हाय," बापू म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

सकाळी मी फायली घेऊन गेले तर न्हाणीघरातून आवाज येत होता. "नामंजूर. नामंजूर." पण तो आवाज बापूंचा वाटेना. सर्दी झालेल्या माणसासारखा बारीक येत होता. टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले आणि कावरेबावरे होऊन म्हणाले, "घशात अडकतंय गं." मी गरम पाणी दिलं आणि म्हटलं, एकच तर शब्द आहे, बापू. मला तेव्हा हसू आलं होतं.

बैठकीच्या खोलीत आम्हा पी.ए. लोकांना प्रवेश नसतो. आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे होतो. आत साहेब बोलत होते, ते काही ऐकू येत नव्हतं. मग शांतता झाली. आणि बंद दाराआडून तो आवाज आला, कारखान्याच्या मंडपातला, खणखणीत.

"मंजूर!"

त्यामागोमाग टाळ्या. माझ्या शेजारचा एक पी.ए. हसून म्हणाला, "झालं. तुमच्या बापूंनी उरकलं."

दार उघडलं. मास्तर सगळ्यांत आधी बाहेर पडले आणि कुणाकडे न बघता निघून गेले. बापू शेवटी आले. त्यांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. मी त्यांना जिन्यापाशी नेलं, तिथे ते पायरीवरच बसले.

"साहेबांनी माझ्याकडंच बघून इचारलं, 'मंजूर?' मी उठलो. न्हाय म्हणायला तोंड उघाडलं, आणि तोंडातनं ह्येच गेलं गं."

"मग लगेच सांगायचं ना, चुकलं म्हणून!"

"टाळ्या सुरू झाल्या. हार आणल्याला हुता त्यो नव्या नेत्याला घातला बी." आणि मग लहान मुलासारखं माझ्याकडे बघून म्हणाले, "आता काय करायचं?"

बापूंनी त्या दिवसापासून प्रत्येकाला गाठून सांगायला सुरुवात केली, की चूक झाली, सवयीने झालं. कुणी ऐकून घेतलं नाही. आदल्या संध्याकाळी त्यांच्याच कॉटवर बसलेला एक आमदार तोंडावर म्हणाला, "इतका खणखणीत आवाज चुकून येतो होय, बापू? किती मिळाले ते तरी सांगा." बापू साहेबांकडे गेले. बैठक परत घ्या म्हणून सांगायला गेले होते, पण साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तुमच्यासारखा निष्ठावंत नाही म्हणाले, आणि बापूंना पक्षाचे प्रतोद करून टाकलं. कुठल्या प्रस्तावावर पक्षाच्या आमदारांनी कसं मतदान करायचं, तो आदेश, म्हणजे व्हीप, ह्या प्रतोदाच्या सहीने निघतो. मी विचारलं, "नको म्हणायचं होतं ना?" बापू म्हणाले, "म्हणायला गेलतो." त्यांच्या सबंध आयुष्याची कर्मकहाणी त्या दोन शब्दांत होती. टीव्हीवर पट्टी फिरली, निष्ठेचं फळ. ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही खात्री पटली की बापूंनी मास्तरांना विकलं.

गावी परतलो तर वेशीवर हलगी, फटाके आणि जेसीबीच्या खोऱ्यातून उधळलेला गुलाल. कार्यकर्त्यांनी बापूंना खांद्यावर घेतलं. गुलालात माखलेले बापू वरती ढसाढसा रडत होते. खालची पोरं आणखी जोरात नाचत होती. दुसऱ्या दिवशी फोटोखाली छापून आलं, आनंदाश्रू अनावर.

पुढच्या अधिवेशनात बापू रोज सकाळी थर्मास घेऊन शेजारच्या दारावर टकटक करायचे. मास्तरांचा माणूस दार किलकिलं करून सांगायचा, "झोपलेत." कधी, "पूजेला बसलेत." मास्तर कधी पूजेला बसत नसत. तरी बापू चहा निवेपर्यंत दाराशी उभे राहायचे. येणारे-जाणारे आमदार बघून हसत. मी एकदा चिडून थर्मास काढून घेतला.

"पुरे करा बापू. शोभत नाही."

"त्येनी मला एक शिवी घातली असती," ते म्हणाले, "तरी मी जगलो असतो."

त्यांचं जेवण सुटलं. रक्तातली साखर वाढली. आवाज मात्र तसाच होता आणि आता त्यांना त्याचीच शिसारी यायला लागली. बैठकीत तोंडावर रुमाल धरून बसायचे.

काही महिन्यांनी सरकारवर विश्वासदर्शक ठरावाची वेळ आली. मास्तरांनी वर्तमानपत्रांत जाहीर केलं की मी सरकारच्या विरोधात मतदान करणार. पक्षाचा व्हीप निघाला, सगळ्यांनी सरकारच्या बाजूने मत द्यायचं, मोडेल त्याची आमदारकी जाईल. खाली सही बापूंची. माझ्यासमोर त्यांनी ती केली, पेन बंद केलं आणि शांतपणे म्हणाले, "शैला, मी मास्तरांच्या बाजूनं हुबा ऱ्हाणार हाय."

"तुमचाच व्हीप तुम्हीच मोडणार?"

"व्हय."

"आमदारकी जाईल, बापू. साहेब परत उभं करणार नाहीत."

"जाऊ दे की. मास्तर येकटं हुबं ऱ्हायलं आणि मी बसून बघितलं, तर घरला जाऊन भाकरी कशी गिळू?"

मी गावी काकींना, बापूंच्या बायकोला, फोन लावून दिला. मला वाटलं काकी तरी अडवतील. सगळं ऐकून त्या माउलीने एवढंच सांगितलं, "तुमास्नी झोप लागंल त्ये करा."

मी प्रेक्षक गॅलरीत बसले होते. शिरगणती पुकारली गेली. ठरावाच्या बाजूचे सदस्य उभे राहून एकेक करत नाव सांगायला लागले. आमच्या पक्षाची रांग उठली, आणि त्या रांगेत मास्तरही उठले. स्वच्छ आवाजात नाव सांगून बसले. त्याच दिवशी सकाळी ते साहेबांच्या बंगल्यावर जाऊन आले होते आणि मंत्रिपदावर सगळं मिटलं होतं. ही बातमी सभागृहात बहुतेकांना होती. प्रतोदाला तेवढी कुणी सांगितली नव्हती.

मी वरून बघत होते. बापू मास्तरांकडे वळून बघत राहिले. उठायला अजून वेळ होता. मी मनात ओरडत होते, उठा बापू, आता तरी उठा, सगळे उठलेत. ते बसून राहिले. मग विरोधातले सदस्य उभे राहायला लागले आणि आमच्या रांगेत एकटे बापू उठले. त्यांनी नाव सांगितलं ते मोजणाऱ्या अधिकाऱ्याला ऐकूच गेलं नाही. "पुन्हा सांगा," तो म्हणाला. बापूंनी पुन्हा सांगितलं. सभागृहात हशा पिकला.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, भांडूनच विचारलं. मास्तर तिकडे उठलेले दिसले, मग तुम्ही का बसलात?

"मला वाटलं, चुकून उठलं असतील," बापू म्हणाले. "माझ्यासारखं. मानूस चुकतोय की गं. मी न्हाय चुकलो?"

आमदारकी गेली. पक्षाने काढून टाकलं. पुढच्या निवडणुकीत कुणी तिकीट दिलं नाही, आणि गुलाल उधळणारी पोरं दुसऱ्याच्या जेसीबीवर चढली. राजारामपुरीतलं कार्यालय आम्ही बंद केलं. मला दुसरीकडे नोकरी लागली, तरी रविवारी मी गावी जाऊन बसायचे. बापू सोप्यातल्या कॉटवर असायचे, पायाची जखम भरत नव्हती. आमदारकीबद्दल एक शब्द कधी काढला नाही त्यांनी. फिरून फिरून एकच विचारायचे. "मी मुद्दाम केलं न्हाय, ह्ये मास्तरांना पटलं असंल का गं?" भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा. काकी पदराने डोळे पुसत आत जायच्या. ते बघून बघून मला वेड लागायची पाळी आली.

शेवटी मी मास्तरांना गाठलं. मंत्री म्हणून ते कोल्हापूरला आले होते, विश्रामगृहावर उतरले होते. मला त्यांनी ओळखलं, आत बोलावलं, सगळ्यांना बाहेर पाठवलं. मी एका दमात सांगून टाकलं, की बापूंनी दगा दिला नव्हता, ती चूक होती, आणि तो माणूस त्या एका चुकीपायी खंगत चाललाय.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मला ते त्याच क्षणी कळलं होतं, ताई. बापूंचा आवाज मी ओळखत नाही का? तो नुसत्या सवयीचा आवाज होता."

"मग दार का उघडलं नाहीत? रोज चहा घेऊन उभे राहायचे ते."

"उघडलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. बापूंनी मला फसवलं असं लोक बोलत होते, तोवर माझ्यावर अन्याय झालेला होता. अन्याय झालेल्या माणसाला साहेब आज ना उद्या बोलावतातच." त्यांनी चष्मा परत लावला. "आणि ते विरोधात उभे राहतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बापूंना सांगा, मी त्यांच्यावर कधी रागावलोच नव्हतो."

समोर चहाचा कप होता. तो उचलून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर फेकावा असं मनापासून वाटलं. मी उठून बाहेर आले आणि गावची बस धरली.

गावी पोचले तर बापू उशीला टेकून वाटच बघत होते. "भेटलं? काय म्हणालं?"

"म्हणाले, मी बापूंवर कधी रागावलोच नव्हतो."

"खरं?"

"त्यांचेच शब्द आहेत, बापू."

बापू उठून बसले. काकींना हाक मारली, आणि ती हाक पार गल्लीच्या तोंडाशी ऐकू गेली असेल. "ऐकलंस का? रागावलंच न्हवतं म्हणं!" त्या दिवशी ते पोटभर जेवले. मी समोर बसून हो हो करत होते. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण तिथून नवीनच सुरू झालं. रागावलेले नाहीत म्हणजे मास्तर भेटायला येणार, हे बापूंनी धरून ठेवलं. मंत्र्यांच्या दौऱ्याची बातमी आली की दाढी करून घ्यायचे, पांढरा सदरा घालायचे, जखमेवर नवी पट्टी बांधून घ्यायचे. संध्याकाळी सदरा काढताना मला म्हणायचे, "मंत्री मानूस. सवड झाली की येतील." मास्तर कधी आले नाहीत. बापू गेले तेव्हाही अंगात तोच धुतलेला सदरा होता.

मास्तर रक्षाविसर्जनाला आले. नदीकाठी श्रद्धांजलीची भाषणं झाली. मास्तर फार सुंदर बोलले. पेजेची आठवण सांगितली, डोळे पुसले. बाया-माणसं हुंदके देत होती. खोटं रडत होते असंही मला म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

लोक पांगायला लागले तेव्हा काकी माझ्याकडे आल्या. "शैला, मास्तरांना जेवल्याबगर सोडू नगंस. ह्येंचा लई जीव हुता त्येंच्यावर." माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. काकींच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं आणि गिळलं.

सोप्यात पाट मांडला. शेजाऱ्यांनी आणलेली आमटी-भाकरी होती, ती ताटात वाढली. मास्तर खाली मान घालून जेवत होते. काकी समोर बसून त्यांच्या ताटाकडे बघत होत्या, आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर जरा समाधान दिसत होतं.

"भाकरी घेता?" मी विचारलं.

"अर्धी," मास्तर म्हणाले.

मी अर्धी भाकरी वाढली.